लेकाचा उजवा कान : बरगडीच्या कूर्चेतून घडवलेला (अनुभव आणि चर्चा)

कोपरीची_आई | शनिवार, रात्री १०.१०

गेल्या सोमवारी नौपाड्यातल्या चष्म्याच्या दुकानात लेकाच्या चष्म्याची उजवी दांडी पहिल्यांदा कानावर टेकली. दुकानातले काका चार वर्षं त्याच्या चष्म्याला मागून इलॅस्टिकची पट्टी लावून देत होते. त्या दिवशी त्यांनी ती पट्टी कात्रीने कापली, दांडी गरम केली, नव्या कानामागे वाकवली आणि म्हणाले, "आता मान हलव बघू." चष्मा जागचा हलला नाही. घरी येताना ठरवलं की आता लिहायचंच. तो जन्मला तेव्हा मी रात्र रात्र जागून हेच शोधत होते आणि मराठीत काही मिळत नव्हतं.

लेक २०१४ चा. उजव्या बाजूला कानाच्या जागी भुईमुगाच्या शेंगेसारखा उंचवटा, खाली पाळीचा वाकडा तुकडा, आणि कानाला भोकच नाही. कान असा अर्धवट घडण्याला मायक्रोशिया म्हणतात आणि नळी बंद असण्याला एट्रेशिया. साधारण सहा ते आठ हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त, आणि त्यातही उजवा कान जास्त.

बारशाला सोनार आला. डावा कान टोचून झाला, बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि तो थांबला. सासूबाई म्हणाल्या, पाळी आहे ना थोडी, तिथेच टोचा. मी नको म्हटलं, कारण मला ते बघवलं नसतं, एवढंच. अकरा वर्षांनी सर्जननी तोच तुकडा उलगडून, खाली फिरवून नव्या कानाची पाळी केली, तेव्हा कळलं की तो किती मोलाचा होता.

म्हणून पहिली गोष्ट हीच लिहिते. त्या उरलेल्या तुकड्याला घाईने कोणालाही हात लावू देऊ नका. लेक दीड वर्षाचा असताना एका खासगी दवाखान्यात (नाव लिहीत नाही) "हे आत्ता कापून टाकू, दिसायला बरं दिसेल, कान पुढे बघू" असं सांगितलं होतं. तारीखही मिळाली होती. आदल्या दिवशी त्याला ताप आला आणि आम्ही गेलो नाही. कापलं असतं तर पाळी गेली असतीच, शिवाय त्या जागी व्रण पडला असता. आणि पुढे सगळं ज्या कातडीवर अवलंबून असतं, ती व्रणाची कातडी नीट ताणत नाही.

दुसरी गोष्ट : आधी ऐकणं, मग कान. आम्ही तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत गेलो. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून बेरा ही ऐकण्याची चाचणी करतात. दुखत नाही. फक्त झोपलं पाहिजे, म्हणून ठाण्यापासून दादरपर्यंत त्याला जागं ठेवायला मी खिडकीत घेऊन बसले होते. डावा कान उत्तम निघाला. उजवीकडचा आतला कानही चांगला होता, कारण तो गर्भात वेगळ्या जागी तयार होतो. फक्त आवाज आत जायचा रस्ता बंद. एका कानाने मूल बोलायला शिकतं, पण गोंगाटात त्याला कळत नाही आणि आवाज कुठून आला ते ओळखता येत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर रिक्षा उजवीकडून आली की तो डावीकडे बघायचा. शाळेत दरवर्षी जूनमध्ये मी बाईंना एकच चिठ्ठी द्यायचे : याला वर्गाच्या उजव्या कडेला, पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहील.

२०२० मध्ये मास्क आले आणि एक नवीनच अडचण. मास्क अडकवायला दुसरा कान नाही! आजीने सगळ्या मास्कना नाड्या शिवल्या. त्याच सुमारास तो पहिल्यांदा म्हणाला, "मला पण दोन हवेत."

आता ऑपरेशनचं. आमच्या सर्जननी सांगितलं, वय दहाच्या पुढे आणि छातीचा घेर, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकाशी मोजलेला, निदान ६० सेंटीमीटर हवा. नाहीतर कान घडवायला बरगडीतून पुरेशी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) मिळत नाही. नऊ वर्षांचा असताना घेर ५६ भरला. मग दर तीन महिन्यांनी शिंप्याची टेप घेऊन मोजणं सुरू. ६१ झाला तेव्हा लेकाने एकच प्रश्न विचारला, "छातीतलं काढल्यावर मला बॉलिंग टाकता येईल ना?" येतं. चार महिने थांबावं लागलं.

पहिला टप्पा एप्रिल २०२५, परीक्षा संपल्यावर. आदल्या दिवशी सर्जननी डाव्या कानावर एक्सरेची धुतलेली पारदर्शक फिल्म ठेवली आणि मार्करने कानाची कड, आतली घडी, खळगा, सगळं गिरवलं. मग फिल्म उलटी केली. तोच उजव्या कानाचा नकाशा. मी ती फिल्म हातात धरून खिडकीसमोर नेऊन पाहिली. अकरा वर्षांत तो आकार पहिल्यांदाच दिसत होता.

सकाळी साडेसातला आत नेलं, संध्याकाळी चारला बाहेर. सहाव्या आणि सातव्या बरगडीची कूर्चा जिथे जुळलेली असते, तो रुंद भाग कानाचा तळ. आठवीची लांब पट्टी वाकवून बाहेरची कड. हे सगळं कोरून, केसाएवढ्या बारीक स्टीलच्या तारांनी बांधून, कानाच्या जागी कातडीखाली केलेल्या खिशात सरकवतात. दोन बारीक नळ्या आतली हवा आणि रक्त ओढून घेत राहतात, त्यामुळे कातडी सांगाड्याला चिकटते आणि घड्या उमटतात. मला पहिल्या ड्रेसिंगला दिसलं ते एक छोटं, सुजलेलं, जांभळट, पण कानच.

कान दुखला नाही म्हणाला. दुखली छाती. पहिले तीन दिवस खोल श्वास घेववत नव्हता, आणि श्वास घेतला नाही तर कफ साचतो. तीन गोळ्यांचं ते फुप्फुसाच्या व्यायामाचं यंत्र असतं ना, त्यातली तिसरी गोळी पाचव्या दिवशी वर गेली.

दुसरा टप्पा नोव्हेंबरमध्ये. डोक्याला चिकटलेला कान सोडवून पुढे उचलतात, मागे कूर्चेचा टेकू देतात, वर त्वचा लावतात. चष्मा बसतो तो यानंतरच.

हा कान ऐकत नाही, हे नातेवाईकांना दहा वेळा सांगावं लागतं. ऐकण्याचा विषय वेगळा आहे आणि आमचा अजून चालू आहे.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी रोज रात्री बघेन.

---

ऐरोली_बाबा | शनिवार, रात्री ११.५२

ताई, माझी मुलगी पाच आठवड्यांची आहे. डावा कान. तुम्ही लिहिलंय तसाच, शेंगेसारखा. बारसं पुढे ढकललंय. गावाहून फोन आला की ग्रहणात हिने सुरीने भाजी चिरली असणार. बायको तेव्हापासून जेवत नाहीये. मला शास्त्र कळत नाही, पण तिला काय सांगू ते सांगा.

---

कोपरीची_आई | रविवार, सकाळी ६.३०

दादा, तिला हे वाचून दाखवा. मलाही हेच ऐकवलं होतं, माझ्या बाबतीत सुईचं निमित्त होतं. बाहेरचा कान सहा छोट्या उंचवट्यांपासून घडतो आणि हे काम गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून सुरू होतं, पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं तेव्हा. तिच्या हातून काही झालेलं नाही. बहुतेक मुलांमध्ये ठरावीक कारण सापडतच नाही. मुरुमांच्या काही गोळ्यांसारखी मोजकी औषधं गर्भारपणात घेतली गेली तर असं होऊ शकतं, ते डॉक्टर विचारतील. सुरी, सुई, ग्रहण यांचा काही संबंध नाही.

आणि तिला आधी जेवू घाला. ती पाजते आहे ना?

---

वाशीचा_सर्जन | रविवार, सकाळी ९.१५

मी प्लास्टिक सर्जरीत आहे. न तपासता कोणाला सल्ला देणार नाही, पण या धाग्यात थोडी भर घालतो.

ऐरोली_बाबा, दुसरा कान तपासणं हे पहिलं काम. बेरा लवकर करून घ्या. बालरोगतज्ज्ञांना जबडा, डोळे, मणका आणि चेहऱ्याची हालचाल नीट बघायला सांगा. मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची का तेही विचारा, कारण काही मुलांमध्ये या गोष्टी एकत्र असतात. बाकी वेळ आहे. सीटी स्कॅनची घाई नाही, तो चार-पाच वर्षांनी.

एक फरक सगळ्या नव्या पालकांसाठी. कानाचे भाग सगळे आहेत पण तो दुमडलेला, वाकलेला, टोकदार आहे, असं असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साचा लावून तो ऑपरेशनशिवाय सरळ होऊ शकतो. आईच्या इस्ट्रोजेनचा अंश बाळाच्या रक्तात असेपर्यंत कूर्चा मऊ असते, मग ती घट्ट होत जाते. "मोठा झाला की होईल सरळ" म्हणत हेच आठवडे निघून जातात. मायक्रोशियात मात्र भागच कमी असतात, तिथे साच्याने कान होत नाही.

आता तंत्राबद्दल. बरगडीची कूर्चा कोरून कान करण्याचा प्रयत्न गिलीजनी १९२० च्या सुमाराला केला. पण आजची पद्धत उभी राहिली ती अमेरिकेतल्या टँझर यांच्या १९५९ च्या कामावर. ब्रेंटनी ती चार टप्प्यांत बसवली आणि ते सहा वर्षांपासून मुलांवर ऑपरेशन करत. जपानच्या नागाता यांनी १९९३ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली. घड्या जास्त रेखीव, पण कूर्चा जास्त लागते, म्हणून दहा वर्षं आणि ६० सेंटीमीटर.

लोकांना वाटतं कोरणं कठीण. कोरणं शिकता येतं, मी बटाट्यावर आणि साबणावर शिकलो. खरी परीक्षा कातडीची. कानाच्या पुढची त्वचा इतकी पातळ असते की आतली प्रत्येक रेष दिसते. आपण केलेला खिसा जाड राहिला तर कान भजीसारखा दिसतो. फार पातळ केला तर रक्तपुरवठा तुटतो, कातडी काळी पडते आणि आतली कूर्चा उघडी पडते. पहिले चार-पाच दिवस मी त्या कातडीचा रंग बघायला रात्रीही वॉर्डात जातो.

---

घंटाळीची_आजी | रविवार, दुपारी ४.४०

मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका. डॉक्टर, तुम्ही १९२० पासून सुरुवात केलीत, पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचणं आणि तुटलेली पाळी जोडणं याच विषयाचा आहे. पाळी जोडायचे पंधरा प्रकार तिथे नावानिशी आहेत. ज्याला पाळीच उरली नाही त्याच्या गालाचं मांस घ्यावं, आणि ते कसं? 'सानुबन्धेन जीवता'. म्हणजे मूळ जागेशी जोडलेलं, जिवंत. मी हे वर्गात व्याकरणासाठी शिकवलं, त्याचा अर्थ मात्र या धाग्यामुळे आज नीट कळला.

आता माझा स्वतःचा प्रश्न. मोत्याच्या जड कुड्या घालून माझी दोन्ही भोकं ओघळली आहेत, डावं तर तुटून पाळीचे दोन भाग झालेत. वय ७२. या वयात शिवतात का?

---

वाशीचा_सर्जन | रविवार, रात्री ८.०५

आजी, 'जीवता' हा एक शब्द म्हणजे आमच्या विषयाचा पाया. रक्तपुरवठा न तोडता त्वचा फिरवायची, आम्ही आजही तेच करतो. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कपाळाच्या त्वचेने नवीन केल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये छापून आली आणि तिकडच्या सर्जनना ही वाट दिसली. ती शस्त्रक्रिया आपल्याच मुलखातली.

पाळी शिवायला वय आड येत नाही. जागेवर भूल, साधारण अर्ध्या तासाचं काम. भोकाची आतली कातडी काढून कडा ताज्या कराव्या लागतात, नुसती शिवली तर ती सांधत नाही. साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधी द्या. नवं भोक काही महिन्यांनी, आणि व्रणाच्या रेषेवर नको, शेजारी. कुड्यांना तोवर विश्रांती. पुढे घालताना कानामागून वेल लावा, म्हणजे वजन केसांवर जाईल.

याच ओघात : बुगडी आणि भिकबाळीसाठी वरचा कान टोचतात, तिथे पाळी नाही, कूर्चा आहे. तिथे जंतू शिरले की कूर्चा विरघळते आणि कान चुरगळतो. टोचल्यावर वरचा कान लाल, गरम, ठणकणारा झाला तर हळद लावून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

---

तालीम_बदलापूर | रविवार, रात्री ९.२०

पोरांना कुस्ती शिकवतो. कानात रक्त साकळून फुगा आला की आमच्याकडे तो मान समजतात. रक्त कूर्चेला तिच्या आवरणापासून सुटं करतं, कूर्चा उपाशी मरते आणि मग कान कायमचा गाठाळ होतो, हे एका डॉक्टरनी समजावलं तेव्हापासून मी फुगा आलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरू देत नाही. रक्त काढून दोन्ही बाजूंनी दाबून शिवलं तर कान वाचतो. नुसतं सुईने काढलं तर परत भरतं.

---

पाचपाखाडी_८४ | सोमवार, सकाळी ११.३०

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. आम्हाला शाळेत जायच्या आधी कान हवाय. पॉलिथिनचा तयार सांगाडा घालून एकाच ऑपरेशनमध्ये होतं, बरगडीला हात लावावा लागत नाही, असं ऐकलं. कोपरीची_आई, तुम्ही अकरा वर्षं का थांबलात? त्या वर्षांत मुलांनी त्याला चिडवलं नाही का?

---

कोपरीची_आई | सोमवार, रात्री १०.२५

चिडवलं. दुसरीत एका मुलाने त्याला 'एककानी' म्हटलं आणि तो आठवडाभर टोपी घालून शाळेत गेला. त्या आठवड्यात मीही तुमच्यासारखाच विचार केला होता. आई म्हणून तुमची घाई मला पूर्ण कळते.

आम्ही थांबलो कारण मला त्याचं स्वतःचं काहीतरी आत हवं होतं. क्रिकेटचा बॉल लागला तर स्वतःची कूर्चा भरून येते, असं आमच्या सर्जननी सांगितलं. आणि निर्णयात तो असावा असं वाटत होतं. साडेतीन वर्षांचं मूल "हो" म्हणत नाही, आपण त्याला नेतो. पण हे माझं मत, डॉक्टर सांगतील ते जास्त महत्त्वाचं.

---

वाशीचा_सर्जन | सोमवार, रात्री ११.१०

सच्छिद्र पॉलिथिनची पद्धत चांगली आहे. रायनिश यांनी १९९१ पासून ती वाढवली, तीन-चार वर्षांच्या मुलांवर करता येते आणि छातीवर व्रण नाही. पण त्या सांगाड्यावर कानशिलाखालच्या रक्तवाहिन्यांचा पातळ पडदा पूर्ण पांघरावा लागतो. तो हलक्या हाताने सोडवणं हेच खरं कौशल्य. पुढे मार लागून सांगाडा तुटला किंवा उघडा पडला तर तो आपोआप भरत नाही. आणि हा पडदा आमची राखीव शिबंदी आहे, एकदा वापरला की बरगडीच्या कानाला गरज पडली तर तो उरत नाही.

उलट बरगडीच्या बाजूचं दुखणंही खरं आहे. छातीवर कायमचा व्रण राहतो, कधी तिथे खळगा पडतो, फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोका असतो. उशीर झाला तरी अडचण, वय वाढेल तशी कूर्चेत चुन्याचं प्रमाण वाढतं आणि ती कोरताना तडकते. तुम्ही ज्या सर्जनकडे जाल त्यांनी स्वतः केलेले कान बघा, ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांचे फोटो मागा. ज्यांचा हात ज्या पद्धतीवर बसलाय तीच त्यांच्याकडून करून घ्यावी.

ऐकण्यासाठी नळी उघडायचा विचार असेल तर बरगडीच्या कानाआधी ती उघडू नका, व्रणामुळे त्वचा वाया जाते. हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मात्र पट्ट्यावर अगदी लहान बाळालाही लावता येतं. पुढे त्या यंत्रासाठी कवटीत स्क्रू बसवायचा असेल तेव्हा जागा कान घडवणाऱ्या आणि यंत्र बसवणाऱ्या सर्जननी मिळून ठरवावी, कानाच्या खिशापासून लांब.

---

कळवा_खाडी | मंगळवार, सकाळी ७.५०

माझा कान जन्मापासून होता, २०१६ साली घोडबंदर रोडवर बाइक घसरली तेव्हा गेला. हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. तुकडा मित्राने थेट बर्फात टाकून आणला, त्याने पेशी मेल्या. ओल्या गॉझमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. हे प्रत्येकाने लक्षात ठेवा.

तिथली कातडी सगळी खरवडली होती, म्हणून मी सिलिकॉनचा कान घेतला. हुबेहूब आहे, शिरासुद्धा रंगवल्यात. आधी गमने चिकटवायचो, पण आपल्याकडच्या घामात दुपारपर्यंत कड सुटायची आणि लोकलच्या गर्दीत मी सतत हात लावून बघायचो. मग हाडात टायटॅनियमचे दोन खुंट बसवले, आता कान टक्कन बसतो. रात्री काढून ठेवायचा, खुंटांभोवतीची कातडी रोज साफ करायची, आणि उन्हाने रंग उडतो म्हणून काही वर्षांनी नवा करायचा.

---

वर्तकनगर_मंदार | मंगळवार, दुपारी १.१५

मेडिक्लेमचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अनेक पॉलिसींमध्ये 'बाह्य जन्मजात व्यंग' वगळलेलं असतं आणि कॉस्मेटिक सर्जरीत अपवाद अपघात, भाजणं, कॅन्सर यांचा असतो. म्हणजे कळवा_खाडी यांना मिळू शकेल, पण पाचपाखाडीच्या बाळाला अडवतील. आधी शर्ती वाचा. सरकारी योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला थेट विचारा. आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे धावण्याआधी : २०१६ च्या कायद्यात कर्णबधिरतेची व्याख्या दोन्ही कानांवर आहे, एक कान चांगला असेल तर त्यात बसत नाही.

---

ठाणे_वाशी_लोकल | मंगळवार, रात्री ९.४०

वय २६. उजवीकडे मायक्रोशिया. मी ऑपरेशन केलं नाही आणि करणार नाही.

बारावीनंतर बाबा मला घेऊन गेले होते. छाती, फिल्म, सगळं झालं. सर्जननी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला हवाय का?" मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत, मग तलावपाळीला उतरून भेळ खाल्ली.

मी केस वर बांधते. डाव्या कानात एकच मोठा झुबा घालते. मीटिंगमध्ये सगळ्यांना माझ्या डावीकडे बसायला सांगते. हाडातून ऐकवणारं यंत्र मात्र तीन वर्षांपूर्वी घेतलं, आणि ट्रेनमध्ये उजवीकडच्या बाईने "दीदी, सीवूड्स?" विचारलं ते पहिल्यांदा ऐकू आलं. कान करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काही नाही. कोपरीची_आई, तुमच्या लेकाने स्वतः मागितला, म्हणून तो त्याचा आहे. फक्त मूल 'नको' म्हणालं तर तेही ऐका.

---

कोपरीची_आई | मंगळवार, रात्री १०.५५

तुमचं लिहिणं मी लेकाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "त्या दीदीचं यंत्र कुठलं?" तो ऐकण्याबद्दल स्वतःहून पहिल्यांदाच बोलला. तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

---

ऐरोली_बाबा | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

आज बेरा झाली. उजवा कान पूर्ण चांगला. डावीकडचा आतला कानही चांगला. सोनोग्राफी सोमवारी आहे. बायकोने तिथल्या बाईंना स्वतः प्रश्न विचारले, वही घेऊन गेली होती. येताना ठाणे स्टेशनला दोन वडापाव खाल्ले तिने.

रविवारी बारसं करतोय. सोनाराला निरोप दिलाय, एकच कान टोचायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

---

कोपरीची_आई | गुरुवार, संध्याकाळी ७.४५

नाव काय ठेवताय ते कळवा.